मंडळ आधी, फुटबॉल नंतर

मंडळ म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. वर्गणीची पावती, अध्यक्ष-खजिनदार, बैठकीत ठरलेला मिरवणुकीचा क्रम आणि त्यावरून होणारी वादावादी हे सगळं आपण लहानपणापासून बघतो. फुटबॉल कसा जन्मला, हे कळायला एवढं ज्ञान पुरेसं आहे. चेंडूला लाथ मारायला माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही, ते हजारो वर्षं चालूच होतं. लेखी नियम, ठरलेली सुट्टी आणि ठरलेलं मैदान या तीन गोष्टी मात्र मंडळांनी आणल्या, आणि त्या आल्यावरच आजचा खेळ उभा राहिला. म्हणून फुटबॉलचा इतिहास चेंडूपासून सुरू करण्यापेक्षा क्लबपासून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे.

तरीही चेंडूचं मूळ थोडक्यात. चीनमध्ये हान राजवटीच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, त्सुच्यू नावाचा खेळ होता. कातड्याच्या चेंडूत पिसं किंवा केस ठासून भरत आणि तो पायाने खेळत. लेखी पुरावा असलेला लाथेचा सर्वांत जुना खेळ म्हणून फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटनाही त्याचंच नाव घेते. जपानमध्ये केमारी होता. त्यात हार-जीत नव्हती, हरणाच्या कातड्याचा चेंडू सगळ्यांनी मिळून जमिनीला न टेकू देता उडवत ठेवायचा. केमारीच्या अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार झाडं लावत: चेरी, मेपल, विलो आणि पाइन. ग्रीक लोकांकडे एपिस्किरोस होता, रोमनांकडे हार्पास्तुम. हे सगळे खेळ खरेच, पण त्यांतल्या एकाचीही सरळ वाट आजच्या ऑफसाइडपर्यंत (पुढे उभ्या साथीदाराला चेंडू देण्यावरचं बंधन) किंवा कॉर्नर किकपर्यंत (कोपऱ्यावरून मारायची लाथ) येत नाही. ती वाट इंग्लंडमधून येते, आणि तिची सुरुवात बरीच रांगडी आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गाव विरुद्ध गाव असा फुटबॉल चाले. माणसं मोजलेली नसत, वेळ ठरलेली नसे, मैदान म्हणजे अख्खा शिवार. १३१४ मध्ये लंडनच्या महापौराने राजाच्या नावाने शहरात हा खेळ बंद केला. पुढे तिसऱ्या एडवर्डने बंदी घातली, कारण तरुणांनी धनुर्विद्येचा सराव करावा अशी त्याची इच्छा होती. अ‍ॅशबर्न गावात हा प्रकार आजही ख्रिस्ती उपवासकाळाच्या तोंडावर दोन दिवस चालतो. ओढ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन तट पडतात. दोन गोलांमधलं अंतर सुमारे तीन मैल. दोन्ही गोल जुन्या गिरण्यांच्या जागी आहेत, आणि जात्याच्या दगडावर चेंडू तीनदा आपटला की गोल धरतात. चेंडूत बुचाचा भुसा भरलेला असतो, म्हणून ओढ्यात पडला तरी तो बुडत नाही. १८३५ च्या महामार्ग कायद्याने रस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्याला ४० शिलिंगपर्यंत दंड ठेवला. गायरानं आधीच कुंपणात गेली होती, आता रस्ताही गेला. खेळ उरला तो मोठ्या निवासी शाळांच्या आवारांत.

शाळांची अडचण निराळीच. प्रत्येकीचे नियम तिच्या आवारासारखे. ईटनमध्ये लांब भिंत होती म्हणून भिंतीलगतचा खेळ तयार झाला. रग्बी शाळेकडे मोठं हिरवळीचं मैदान होतं, त्यामुळे चेंडू हातात घेऊन पळणं आणि अंगावर पाडणं तिथे चालून गेलं. फरसबंद आवारातल्या शाळेत कुणाला पाडलं तर डोकं फुटेल, म्हणून तिथली मुलं पायानेच खेळली. खेळाचे नियम जमिनीवर अवलंबून असतात, हे इथेच दिसतं. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर घसरून टॅकल करणाऱ्याच्या मांडीचं काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. हीच मुलं केंब्रिजला एकत्र आली तेव्हा कुणाचे नियम लावायचे हा प्रश्न पडला, आणि १८४८ मध्ये तिथे पहिल्यांदा एक समान मसुदा तयार झाला. पण विद्यापीठातली मुलं चार वर्षांत पांगतात. नियम वर्षानुवर्षं सांभाळायला कायम राहणारी संस्था लागते.

ती संस्था शेफिल्डमध्ये उभी राहिली. शेफिल्ड हे चाकू-सुऱ्यांचं, पोलादाचं गाव. नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे तिथले दोघे क्रिकेट खेळणारे मित्र. हिवाळ्यात क्रिकेट बंद असतं, अंग जड होतं, तर काहीतरी खेळावं एवढीच गरज होती. २४ ऑक्टोबर १८५७ या दिवशी त्यांनी शेफिल्ड फुटबॉल क्लब सुरू केला. आज चालू असलेल्या फुटबॉल क्लबांमध्ये हा सर्वांत जुना. त्यांचं पहिलं कार्यालय म्हणजे एका घराच्या आवारातलं झाडांसाठीचं काचघर.

खेळायचं कुणाशी, हा प्रश्न लगेच उभा राहिला. दुसरा क्लबच नव्हता. म्हणून सभासद आपसात वाटणी करून खेळत. लग्न झालेले विरुद्ध अविवाहित, असेही सामने झाले. पुढच्या वर्षी, १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांनी आपले नियम लिहून मंजूर केले. त्यांतला एक नियम मला फार आवडतो: प्रत्येक खेळाडूने स्वतःच्या दोन फ्लॅनेलच्या टोप्या आणायच्या, एक लाल आणि एक गडद निळी. सामन्यात एका बाजूने एक रंग घालायचा, दुसरीने दुसरा. जर्सीचा खर्च नाही, आणि आज ज्या बाजूने खेळाल त्या रंगाची टोपी डोक्यावर. वाटणी रोज बदलणाऱ्या क्लबाला याहून सोपा उपाय सापडला नसता. सुरुवातीच्या या नियमांत ऑफसाइड नव्हता. हाताने ढकलायला परवानगी होती, पण पाय आडवा घालून पाडणं किंवा नडगीवर लाथ मारणं मना होतं.

१८६० मध्ये शेजारच्या हॅलम गावात दुसरा क्लब निघाला आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला सँडीगेट मैदानावर दोन क्लबांमधला पहिला सामना झाला. शेफिल्डचे १६ आणि हॅलमचे २० खेळाडू होते, तरी शेफिल्ड २-० ने जिंकला. माणसं सारखी असावीत हा आग्रह तेव्हा नव्हता. ते मैदान आजही आहे आणि हॅलम अजून तिथेच खेळतो. कॉर्नर किकही शेफिल्डचीच देणगी. तिथल्या संघटनेने १८६८ मध्ये ती लिहिली, लंडनने १८७२ मध्ये उचलली. लंडनच्या १८६३ च्या सभेला खेळाचं जन्मस्थान मानणारे लेख खूप दिसतात, पण खेळाचे निम्मे अवयव शेफिल्डचे आहेत.

आता लंडन. बार्न्स क्लबचा एबेनेझर कॉब मॉर्ली या वकिलाने पुढाकार घेतला आणि २६ ऑक्टोबर १८६३ रोजी फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये लंडन परिसरातले क्लब जमले. तिथे फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. ८ डिसेंबरपर्यंत सहा बैठका झाल्या. भांडण दोन कलमांवरून होतं: चेंडू हातात घेऊन पळू द्यायचं का, आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारू द्यायची का. ब्लॅकहीथ क्लबला दोन्ही हवं होतं. नोकरी-धंद्याच्या माणसांना सोमवारी सकाळी कामावर चालत जाता आलं पाहिजे, हा बाकीच्यांचा मुद्दा होता. दोन्ही कलमं गळली, ब्लॅकहीथ बाहेर पडला आणि १८७१ मध्ये रग्बी संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत होता. लंडनचे १३ नियम छापले गेले. १९ डिसेंबर १८६३ रोजी बार्न्स आणि रिचमंड यांच्यात त्या नियमांनी पहिला सामना झाला. निकाल ०-०.

तरी चौदा वर्षं देशात दोन नियमपुस्तकं चालू होती. शेफिल्ड आणि लंडन एकमेकांशी खेळत राहिले. ३१ मार्च १८६६ रोजी बॅटरसी पार्कात दोन्ही शहरांचा सामना झाला तेव्हा प्रत्येकी ११ खेळाडू आणि दीड तास असं ठरलं होतं. आजची ९० मिनिटं आणि अकरा माणसं आधी अशा करारांत दिसतात, कायद्यात नंतर. १८७७ मध्ये शेफिल्डने लंडनचे नियम स्वीकारले आणि वाद मिटला. त्याच १८७७ साली सोलापूरची पहिली कापडगिरणी, आपली जुनी मिल, सुरू झाली. हा निव्वळ योगायोग, पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचं फुटबॉल गिरणीगावांनीच घडवलं.

गिरणी आणि खेळ यांच्यामध्ये सुट्टी असते. इंग्लंडमध्ये १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याशिवाय यंत्रं चालवता येत नसल्याने पुरुषही सुटले. शनिवारी दुपारी तीनचा सामना हा त्या भोंग्याचा परिणाम आहे. शेफिल्डमध्ये ज्या कारागिरांना बुधवारी अर्धा दिवस मोकळा मिळे त्यांचा वेन्सडे नावाचा क्रिकेट क्लब होता. हिवाळ्यात सभासद पांगू नयेत म्हणून त्यांनी १८६७ मध्ये फुटबॉल सुरू केला, आणि सुट्टीचा वार क्लबच्या नावात कायमचा राहिला.

बाकीच्या क्लबांची जन्मकथाही अशीच, आधी जमाव आणि नंतर चेंडू. अ‍ॅस्टन व्हिला १८७४ मध्ये एका चर्चशी जोडलेल्या क्रिकेटवाल्यांनी काढला. एव्हर्टन १८७८ चा, तोही चर्चमधून. मँचेस्टर युनायटेड म्हणजे मूळचा न्यूटन हीथ, १८७८ मध्ये रेल्वेच्या डबे-वाघिणी खात्यातल्या कामगारांचा. आर्सेनल १८८६ मध्ये वुलिचच्या शस्त्रागारातला. वेस्ट हॅमचं मूळ १८९५ चं टेम्स आयर्नवर्क्स, म्हणजे जहाज बांधणीचा कारखाना. या सगळ्यांकडे हजेरीपट, वर्गणी आणि रविवारी किंवा शनिवारी हमखास भेटणारी माणसं आधीच होती.

डार्वेनची गोष्ट सोलापूरकराने मुद्दाम वाचावी. लँकेशायरमधलं हे सुतगिरण्यांचं गाव. १८७९ मध्ये त्यांचा संघ फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेत, म्हणजे एफए कपमध्ये, ओल्ड इटोनियन्स या धनिक माजी विद्यार्थ्यांच्या संघाविरुद्ध लंडनला गेला. सामना ५-५ सुटला, जादा वेळ खेळायला समोरच्यांनी नकार दिला. पुन्हा लंडन, २-२. तिसऱ्यांदा लंडन, आणि तिथे ६-२ ने हरले. तिन्ही वेळा तिकिटाचे पैसे आणि बुडालेली मजुरी यांचा प्रश्न होता, आणि गावाने वर्गणी गोळा केली. चार वर्षांनी, ३१ मार्च १८८३ रोजी, शेजारच्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने त्याच ओल्ड इटोनियन्सना जादा वेळेत २-१ ने हरवून कप नेला. विजयी गोल करणारा जिमी कॉस्टली सुतगिरणीत कताईचं काम करायचा. संघात विणकर होते, प्लंबर होता. एका लोखंड कारखानदाराने पैसे घातले आणि अंतिम सामन्याआधी संघाला काही दिवस ब्लॅकपूलला सरावासाठी ठेवलं. कामावरून थेट मैदानात येणारा माणूस आणि चार दिवस झोपून-खाऊन आलेला माणूस यांतला फरक सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत दिसतो. तो कप पुन्हा कुठल्याही जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाने जिंकला नाही. १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं कायदेशीर झालं, १८८८ मध्ये १२ क्लबांची लीग सुरू झाली.

आपल्याकडे सुट्टी उशिरा आली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. म्हणजे लँकेशायरचा कामगार शनिवारची अर्धी सुट्टी चाळीस वर्षं उपभोगून कपही जिंकून बसला होता, तेव्हा आपल्या कामगाराला आठवड्यातला एक दिवस मिळाला. भारतात सुरुवातीचं फुटबॉल पलटणींचं आणि कलकत्त्याच्या शाळा-कॉलेजांचं का राहिलं, याचं मोठं कारण मला यात दिसतं. ड्युरंड स्पर्धा १८८८ ची, सिमल्याच्या डोंगरातली. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ मध्ये पहिल्यांदा खेळला गेला आणि वूस्टरशायर पलटणीने जिंकला. मोहन बागान १५ ऑगस्ट १८८९ चा, मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला कलकत्त्याच्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात २-१ ने हरवलं. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. अकरापैकी दहा जण अनवाणी होते, एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. रोव्हर्स कप जिंकणारा पहिला भारतीय संघ मात्र १९३७ चा बंगलोर मुस्लिम्स.

आणि आपल्या शेजारी कोल्हापूर. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं फुटबॉल संघांची आहेत. कुस्तीच्या तालमीने संघ उभा केला, पेठेने तो पोसला, आणि शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ अशी ईर्षा आजही भरते. अ‍ॅस्टन व्हिलाला चर्चने जे दिलं तेच कोल्हापूरच्या संघांना तालमीने दिलं. सोलापुरातही तालमी आहेत, मंडळं आहेत, लेझीमचा सराव वेळेवर करणारी शेकडो पोरं आहेत. क्लबाचा पाया तयारच आहे.

हे नुसतं वाचून समजत नाही, खेळून समजतं. म्हणून एक रविवार काढून १८६३ च्या नियमांनी सामना लावा. खर्च जवळजवळ नाही, कारण तेव्हा रेषाच नव्हत्या. हद्द दाखवायला फक्त झेंडे होते.

मैदान. नियमात लांबी जास्तीत जास्त २०० वार आणि रुंदी जास्तीत जास्त १०० वार. एवढी जागा शहरात मिळणार नाही, गरजही नाही. १०० बाय ६० वार, म्हणजे ३०० बाय १८० फूट पुरतं. काटकोनासाठी गवंड्याची तीन-चार-पाचची रीत वापरा, पण मोठ्या मापात: कोपऱ्याच्या खुंटीपासून एका बाजूला ३० फूट, दुसऱ्या बाजूला ४० फूट, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५० फूट. लहान गुण्याने कोन घेऊ नका. कोन एका अंशाने जरी चुकला तरी ३०० फुटांवर रेषा सव्वापाच फूट सरकते आणि चौथा झेंडा भलतीकडेच येतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ते ३४९ फूट १० इंच यायला हवेत. अर्ध्या फुटाचा फरक चालेल, दोन फुटांचा असेल तर पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर जा.

गोल म्हणजे दोन खांब, मध्ये ८ वार, २४ फूट. हे माप १८६३ पासून आजपर्यंत बदललेलं नाही, आजचे ७.३२ मीटर म्हणजे तेच ८ वार. वर आडवी काठी किंवा फीत बांधायची नाही. १२ फुटी बांबू घ्या, २ फूट जमिनीत, १० फूट वर. पहारीने खड्डा पाडून मुरूम आणि थोडं पाणी घालून ठोकून बसवा. सुकलेल्या काळ्या मातीत नुसता खोचलेला बांबू पंधरा मिनिटांत डुलायला लागतो, कारण माती भेगाळलेली असते आणि बांबूला पकड मिळत नाही.

एक दोरी ४५ फुटांची करून ठेवा. २४ फुटांवर एक गाठ, ३० फुटांवर दुसरी. २४ म्हणजे गोलाची रुंदी. ३० म्हणजे १० वार, सुरुवातीच्या लाथेच्या वेळी समोरच्यांनी एवढं लांब उभं राहायचं. ४५ म्हणजे १५ वार, ते खाली येईल. सुती दोरी दवात आखडते आणि नायलॉनची ताणली की वाढते, म्हणून गाठी मारायच्या आधी दोरी ताणून टेपने मोजा.

चेंडूचं माप १८६३ च्या नियमांत नव्हतंच. २७ ते २८ इंच घेर १८७२ मध्ये ठरला, तोच आजचा पाच नंबरचा चेंडू. त्या काळी आत डुकराचं मूत्राशय असायचं, ते मातीच्या चिलमीच्या दांडीने तोंडाने फुगवत. रग्बी गावच्या रिचर्ड लिंडन या चांभाराने साधारण १८६२ च्या सुमाराला रबरी ब्लॅडर आणि पंप आणला, तेव्हा चेंडू गोल आणि सारखा व्हायला लागला. आज हवा ८.५ ते १५.६ पौंडांमध्ये ठेवायची असते. आपल्या कडक जमिनीवर ९ ते १० बरी, नाहीतर चेंडू डोक्याच्या वरच उसळत राहतो. सायकलच्या दुकानातल्या मोठ्या कॉम्प्रेसरने भरू नका, शिवण उसवते. हातपंपाची सुई तेलाचा थेंब लावूनच घाला. सावलीत भरलेला चेंडू उन्हात ठेवला तर आतला दाब दोनेक पौंडांनी वाढतो. वेड्या बाभळीचा काटा हा सोलापुरातल्या चेंडूचा खरा शत्रू, तेव्हा खेळण्याआधी हद्दीबाहेरचीही दहा पावलं झाडून घ्या.

दोन्ही कप्तानांनी माणसं आणि वेळ आधीच ठरवायची. ११ ते १५ माणसं, एक तास, हे सोयीचं. नाणेफेक हरणाऱ्याने मध्यावरून लाथ मारायची. गोल झाला की बाजू बदलायच्या, प्रत्येक गोलानंतर. सकाळी सातच्या उन्हात याचा फायदा कळतो, कारण सूर्य डोळ्यांवर घेणारी बाजू सतत बदलते.

चेंडू खांबांच्या मधून कितीही उंचीवरून गेला तरी गोल, पण हाताने फेकलेला, ढकललेला किंवा नेलेला चालत नाही. इथे पहिलं भांडण होणार. दहा फुटी बांबूच्या वरून गेलेला चेंडू आत होता की बाहेर, हे समोरून सांगता येत नाही. प्रत्येक खांबामागे एक माणूस, डोळा बांबूच्या सरळ रेषेत ठेवून उभा करा. मूळ खेळालाही हाच त्रास झाला, म्हणून १८६६ मध्ये ८ फुटांवर फीत आली आणि १८८२ मध्ये आडवी दांडी सक्तीची झाली. वाटल्यास सामन्याच्या उत्तरार्धात ८ फुटांवर सुतळी बांधा. उंच मारणारे लगेच खाली मारायला लागतात.

चेंडू बाजूच्या हद्दीबाहेर गेला की जो त्याला आधी हात लावेल त्याची फेक. ती हद्दरेषेला काटकोनातच टाकायची, आणि चेंडू जमिनीला टेकल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. त्यामुळे बाहेर गेलेल्या चेंडूमागे सगळे जीव खाऊन पळतात. हद्दीलगत भिंत, कुंपण किंवा गटार असेल तर तिथे निदान १५ फूट मोकळी जागा सोडा. इजा होते ती इथेच.

ऑफसाइड सगळ्यात कडक. लाथ मारणाऱ्याच्या पुढे असलेला त्याचा कुठलाही साथीदार बाद, त्याने चेंडूला शिवायचं नाही. म्हणजे पुढे पास देणं अशक्य. चेंडू पायाशी घेऊन घुसायचं आणि बाकीच्यांनी मागून घोळक्याने यायचं, कारण सुटलेला चेंडू उचलायला मागचाच माणूस मोकळा असतो. आजच्या मुलांना हे पचत नाही. पहिल्या दहा मिनिटांत सगळे पुढे पळतात आणि पंचांना सारखं थांबवावं लागतं. पण याच अडचणीतून पुढची गोष्ट दिसते. १८६६ मध्ये नियम सैल झाला, पुढच्या माणसासमोर तीन विरोधी खेळाडू असतील तर पास चालू झाला, आणि त्या फटीतून रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाने आणि ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने पासचा खेळ बांधला. ३० नोव्हेंबर १८७२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात स्कॉटलंडचे अकराही जण क्वीन्स पार्कचे होते. वजनाने हलक्या स्कॉट खेळाडूंनी जड इंग्रजांना ०-० वर रोखलं. सामन्याच्या मध्यंतरानंतर तीन माणसांचा नियम लावून बघा, पंधरा मिनिटांत मैदान रुंद होतं.

हाताने झेल घेता येतो. झेल घेतल्या क्षणी टाचेने जमिनीवर खूण केली तर मुक्त लाथ मिळते. झेल घेणारा हवा तेवढा मागे जाऊ शकतो, विरोधक खुणेच्या पुढे येऊ शकत नाहीत. कडक मुरमावर टाचेची खूण उमटत नाही आणि झेल घेतला का नाही यावर वाद पेटतो. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारा, किंवा खूण केली असं मोठ्याने ओरडणं बंधनकारक करा. जमिनीवरचा चेंडू मात्र हाताने कधीच उचलायचा नाही, गोलरक्षकानेही नाही, कारण गोलरक्षक हा शब्दच नियमांत १८७१ मध्ये आला.

चेंडू गोलरेषेमागे गेला की पुन्हा पळापळ. बचाव करणाऱ्याने आधी शिवला तर त्याला रेषेवरून मुक्त लाथ. हल्ला करणाऱ्याने शिवला तर त्याच्या बाजूला गोलावर मुक्त लाथ, जिथे शिवला त्याच्या समोर रेषेपासून १५ वारांवरून. हीच ती ४५ फुटांची दोरी. बचाव करणारे तोवर रेषेमागे उभे राहतात. खांबांपासून लांब शिवलं तर कोन इतका वाईट मिळतो की लाथ फुकट जाते, त्यामुळे हुशार खेळाडू चेंडू शक्य तितका खांबांजवळ शिवायला धडपडतो.

पाय आडवा घालणं, नडगीवर मारणं, धरणं, ढकलणं बंद. तेराव्या नियमाने बुटाला बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्टी आणि गटापर्चा (रबरासारखा कडक चीक) मना केलं. आपण यात एक भर घालावी: लांब स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, बूट नकोत. कडक जमिनीत स्टड रुततच नाही, माणूस टोकांवर उभा राहतो आणि घोटा मुरगळतो. तळाला बारीक रबरी दाणे असलेले बूट किंवा साधे कॅनव्हासचे घ्या. १९११ चं नाव घेऊन कुणी अनवाणी उतरणार असेल तर त्याला थांबवा. कलकत्त्याचं मैदान हिरवळीचं होतं.

महिना नीट निवडा. पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा बुटाला शेर-शेर चिकटतो, आणि मार्चपासून सकाळी नऊनंतर खेळणं धोक्याचं. नोव्हेंबर-डिसेंबर सर्वांत चांगले. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत गड्डा भरतो, होम मैदानाच्या आसपास जागा मागू नका. सामना सकाळी सातला सुरू करून साडेआठपर्यंत संपवा.

खेळ झाल्यावर बांबू उपटले की चारही खड्डे त्याच दिवशी भरायचे. आधी मुरूम, मग माती, दोन थरांत, प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठोकून, आणि वर जमिनीपेक्षा दोन बोटं उंच ठेवून. काळी माती पाणी पडलं की खाली बसते, त्यामुळे सपाट भरलेला खड्डा पहिल्या पावसानंतर बरोबर पाऊल अडकेल एवढा खोल होतो.